आमच्या फ्रीजनं पाडलेलं भोक

आता सांगलीत माझ्या घरी फ्रीज आहे आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आमच्या आळीत पहिला फ्रीज आला, तेव्हा तो बघायला इतकी माणसं लोटली की चहा करता करता आईचा साखरेचा डबा रिकामा झाला. माझे वडील मिलिटरीत, अंबाल्याला होते. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून तो घेतला आणि टेम्पोत उभा बांधून इस्लामपूरवरून गावात आणला. निळ्या रंगाचा होता. चालू झाला की म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा आवाज करायचा, आणि त्या आवाजाचीसुद्धा आम्हाला ऐट होती.

पण तो हौसेनं आणलेला नव्हता. तो माझ्या आजोबांसाठी होता. आजोबा म्हणजे नाथाजी हवालदार, मिलिटरीतून पेन्शनीत आलेले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. पेन्शनीत आल्यापासून साखर कारखान्याला ऊस घातला आणि शेवटी साखरेचाच रोग जडला, यावर ते स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून इन्शुलिनची सुई आपल्या हातानं मांडीत टोचून घ्यायचे. ती बाटली गारच राहिली पाहिजे, नाहीतर औषधाचं पाणी होतं, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. म्हणून आधी ती डॉक्टरांच्याच फ्रीजमध्ये असायची आणि तात्या एका सुईसाठी रोज सकाळच्या एसटीनं इस्लामपूरला जायचे. वडिलांना ते बघवेना, आणि फ्रीज घरात आला.

त्याच जूनमध्ये आम्हाला सातवीला चारुशीलाबाई आल्या. चारुशीला वैद्य, वाईच्या. पहिलीच नोकरी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कराड, सातारा अशा गाड्या बदलत वाईला जायच्या आणि रविवारी संध्याकाळी धुळीनं माखून परत यायच्या. त्या ‘नाही’ म्हणायच्या तेव्हा आम्ही मागच्या बाकावर ‘न्हाई’ म्हणायचो. त्यांना ते ऐकू जायचं आणि त्याही हसायच्या. मला त्या फार आवडायच्या. आजही आवडतात.

बाईंना जगाची काळजी होती. आमच्या गावात तोवर काळजी उसाला तोड कधी येणार याची असायची. फार तर कृष्णेला पूर येतो का याची. बाईंनी एकदम दक्षिण ध्रुव आणला. एके दिवशी त्या आपली चांगली काळी छत्री घेऊन आम्हाला भर उन्हात पटांगणात घेऊन गेल्या आणि सगळ्यांच्या देखत कात्रीनं तिला रुपयाएवढं भोक पाडलं. आम्ही श्वासच रोखला. आमच्या घरांत फाटक्या छत्र्यासुद्धा ठिगळ लावून वापरत. मग त्यांनी वर्गाचा मॉनिटर जोतीराम, त्याला छत्रीखाली उभं केलं. भोकातून आलेलं ऊन बरोबर त्याच्या मानेवर पडलं.

“हलू नकोस. काय होतंय सांग.”

“बाई, चटका बसतोय.”

“आपल्या पृथ्वीवर अशीच एक छत्री आहे. तिला ओझोन म्हणतात. आणि तिला माणसानं भोक पाडलंय.”

कशानं पाडलं तेही त्यांनी सांगितलं. फ्रीजमधला गॅस, सेंटच्या फवाऱ्याचे डबे, काय काय. त्या भोकातून येणाऱ्या किरणांनी कातडीचे रोग होतात, डोळे अधू होतात, पिकांनाही झळ बसते. आणि मग तो गृहपाठ दिला, ज्यानं आमच्या घराचं सगळं वर्ष ढवळून निघालं. “प्रत्येकानं एक गोष्ट शोधून आणायची. आपण करतो ती, जिच्यामुळे जगाचं नुकसान होतं. दुसऱ्याच्या घरातली नाही हं, आपल्या घरातली.”

आता आमच्या गावात दुसऱ्याच्या घरातलं शोधून काढण्यात लहानथोर सगळेच पटाईत. आपल्या घरातलं शोधायचं म्हणजे पंचाईत. दुसऱ्या दिवशी कुणी उसाचं पाचट जाळतो म्हणून सांगितलं, कुणी चूल पेटवायला सायकलचा टायर घालतो म्हणून सांगितलं. जोतीराम उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, आमच्या घरात काय बी न्हाई. पर अंजीच्या घरात फ्रीज हाय.”

साऱ्या वर्गानं माझ्याकडे वळून बघितलं. यातल्या एकूण एकानं आमच्या फ्रीजमधला बर्फ खाल्लेला होता. जोतीरामनं तर सगळ्यांत जास्त. बाई लगेच म्हणाल्या की फ्रीजमधला गॅस नळ्यांत बंद असतो, फ्रीज फुटला किंवा गळला तरच बाहेर येतो, आणि एका फ्रीजनं काही होत नसतं. पण ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. छत्री सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती, नळ्या कुणी बघितल्या होत्या? दुपारच्या सुट्टीत पोरं आमच्या घरावरचं आभाळ बघून आली. आमच्या अंगणात ऊन जरा जास्तच लागतं, असं जोतीरामनं जाहीर केलं. मी पुढे महिनाभर ‘भोकवाली अंजी’ होते. रडून रडून माझी उशी ओली व्हायची.

फेब्रुवारीच्या अखेरीला विज्ञान दिनाची प्रभातफेरी निघाली. दोन ओळी, पुढे फलक, ‘ओझोन वाचवा, जग वाचवा’ अशी घोषणा. बाई मागे लहान वर्गांबरोबर होत्या. आमचं घर आलं. रांगेत चालणारं काहीही दिसलं की तात्या सावधान उभे राहायचे, मग ती प्रभातफेरी असो की लग्नाचा बँड. तसे ते अंगणात ताठ उभे राहिले. आणि जोतीरामनं आपल्या मनची घोषणा दिली, “बंद करा, बंद करा!” पोरांनी ओरडून पूर्ण केली, “अंजीचा फ्रीज बंद करा!” बाई धावत पुढे आल्या तोवर आळीभर व्हायचं ते झालं होतं. तात्या शेवटचं पोर पुढे जाईपर्यंत तसेच सावधान उभे होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

“अंजे, हिकडं ये. काय म्हणत हुती गं पोरं सकाळी?”

मला जसं कळलं होतं तसं मी सांगितलं. फ्रीजमधल्या गॅसनं आभाळाला भोक पडतं, त्यातनं वाईट ऊन येतं, त्यानं कातडीला रोग होतो, डोळे जातात.

“कुणाचं डोळं?”

“सगळ्यांचं. आमी मोठी झालो की आमचं बी.”

“बाईंनी शिकवलं का पोरांचं काय तरी आपलं?”

“बाईंनीच. पर तात्या, बाई म्हणल्या, गॅस आत बंद असतोय, तवर काय व्हत न्हाई.”

“दारूगोळा बी पेटीत बंदच असतोय की,” तात्या म्हणाले.

ते उठले, आत गेले, आणि फ्रीजची पिन ओढून काढली. कण्हणं थांबलं. आई हातातलं पीठ तसंच घेऊन चुलीपासून उठून आली. “आवं मामंजी, तुमचं औषध हाय त्यात!”

“औषध माझं हाय. आभाळ पोरांचं हाय,” तात्या म्हणाले. “माझं काय आता, झालं ऱ्हायलं. ह्या पोरीचं डोळं माझ्या सुईपायी जायाचं हायेत का?”

आईनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्यात घातली आणि तो तांब्या उत्तरेच्या खिडकीत ठेवला. आई येता-जाता फडकं ओलं करायची. पण ती भांगलणीला रानात गेली की दिवसभर घरात कुणी नसायचं, आणि मार्चच्या झळांनी फडकं वाळून कडक व्हायचं.

शाळेत मात्र माझी चंगळ झाली. आमच्या घरानं त्याग केला म्हणे. जोतीरामनं मला स्वतःहून पेरू दिला. बाईंच्या कानावर एवढंच आलं की अंजनाच्या घरी फ्रीज बंद केलाय. त्यात बर्फच असायचा अशी त्यांची समजूत. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “घरी सांग, बंद ठेवायची काही गरज नाही.” मी निरोप दिला. तात्या म्हणाले, “बाई शानी हाय. भिडंपायी बोलतीया.”

औषध बिघडलं तरी दिसायला तसंच दिसतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. तात्या रोज सकाळी मांडीत सुई टोचत राहिले, आणि अंगात नुसतं पाणी जात राहिलं. एप्रिलमध्ये तोड झालेल्या रानात फिरताना उसाच्या बुडख्याचा कंगोरा त्यांच्या पायाच्या बोटात घुसला. दुखलं नाही, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. साखर वाढली की पायाला दुखणं कळत नाही. बोट काळं पडलं तेव्हा आईनं आरडाओरडा केला आणि शेजाऱ्यांची जीप बोलावली. इस्लामपूरला डॉक्टरांनी बोट काढलं, मग औषध कुठं ठेवत होता असं विचारलं. ऐकल्यावर ते आईवर इतके ओरडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. “आता बोटावर भागलं. पुन्हा असं झालं तर पाऊल काढावं लागेल. कळतंय का?”

बाई शाळा सुटल्यावर तशाच दवाखान्यात आल्या. जोतीरामनं त्यांना सगळं सांगितलं होतं, रडत रडत. तात्यांच्या पायाचं बँडेज बघून बाई रडायलाच लागल्या. तात्याच त्यांना समजवायला लागले.

“आवं बाई, रडताय कशाला? एकाहत्तरच्या लढाईत खरचटलं न्हाई, आन् ह्या ओझोनच्या लढाईत बोट गेलं. गावात सांगाय तरी झालं.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला, त्यावर फ्रीजच्या मागच्या नळ्यांचं चित्र काढून दाखवलं. गॅस यातच फिरतो, बाहेर येत नाही. फ्रीज चालू ठेवला काय, बंद केला काय, ओझोनला त्यानं काडीचा फरक पडत नाही. मोडीत काढताना सांभाळायचं, बस्स. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी दोनदा समजावलं. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“बाई, तुमी माझ्या बोटाकडं बघून बोलताय,” ते म्हणाले. “छत्रीला भोक पाडून पोरांना सांगितलं, तवा माझं बोट शाबूत हुतं. तवा बोलला ते खरं.”

मला तात्यांचा एवढा राग कधीच आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर एवढा अभिमानही.

तात्या घरी आले. आई फ्रीज चालू करायची, तात्या लंगडत जाऊन बंद करायचे. नव्या औषधाची बाटली पुन्हा तांब्यात गेली. रोज इस्लामपूरला जायचं तर पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. वडिलांना तार केली, पण त्यांना सुट्टी मिळेना. बाहेर वैशाखाचं ऊन सुरू झालेलं, आणि ती खिडकीतली बाटली बघितली की मला डॉक्टरांचं ते पावलाचं बोलणं आठवायचं.

वर्गात बाईंचं चित्त नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

“अंजना, तुझे तात्या कुणाचं ऐकतात गं?”

“कुणाचंच न्हाई.”

“मिलिटरीत तरी ऐकत असतील ना?”

मग मला तात्यांची एक गोष्ट आठवली. ती त्यांनी आम्हाला सतरांदा सांगितली होती. कुठंतरी बर्फात त्यांची पहाऱ्याची ड्युटी होती. बदलीचा माणूस वादळात अडकला. खालून शिट्टी वाजवून बोलावलं तरी तात्या जागचे हलले नाहीत. दुसरा जवान येऊन समोर उभा राहिला, तेव्हाच ते खाली उतरले. बदली आल्याबिगर पोस्ट सोडायची न्हाई, असं सांगून ते गोष्ट संपवायचे आणि आमच्याकडे असं बघायचे, की जणू आम्हीच पोस्ट सोडून पळालोय.

बाईंनी ती गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. मग घाईघाईनं एसटीकडे गेल्या.

एरवी रविवारी संध्याकाळी येणाऱ्या बाई त्या रविवारी दुपारीच आमच्या दारात उभ्या होत्या. चेहरा उन्हानं लाल झालेला. आईनं दिलेलं पाणी त्या उभ्यानंच प्यायल्या आणि तात्यांच्या बाजेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तात्या, आमच्या वाईच्या घरी फ्रीज आहे. तो मी काल बंद केला. तुमच्या जागी.”

तात्या उठून बसले. “म्हंजी?”

“तुम्ही आमच्या मुलांसाठी पहारा देताय ना? मी बदलीला आले. आता माझी ड्युटी. तुम्ही तुमचा चालू करा.”

 मी आईच्या पदराला धरून उभी होते, आणि आई देवाचं नाव घेत होती. तात्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखाद्या नव्या जवानाला न्याहाळावं तसं.

“तुमच्या घरात सुई कुणाला लागती का?”

“नाही.”

“मग फ्रीजात काय असतंय?”

“दूध, भाजी. आणि माझ्या वडिलांना उन्हाळ्यात ताकात बर्फ लागतो.”

“त्यांना इचारलं का?”

“विचारलं. कालपासून माझ्याशी बोलत नाहीत.”

तात्या एकदम हसले. इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी काठी मागितली, उभे राहिले, पाय ओढत फ्रीजपाशी गेले आणि बाईंकडे वळून सावधान झाले. बाईंना काय करावं कळेना, त्याही ताठ उभ्या राहिल्या.

“बाई, पोस्ट तुमच्या ताब्यात. मी म्हणल्याबिगर सोडायची न्हाई.”

“नाही सोडणार.”

तात्यांनी पिन लावली. फ्रीज कण्हायला लागला आणि आई मटकन खाली बसून हुंदके देऊन रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःही रडल्या. तात्या मात्र मलाच रागावले, “बघत काय उभी ऱ्हायलीस? बाटली आण.”

तात्यांचं पाऊल राहिलं. पुढे चार वर्षं ते दोन्ही पायांवर रानात फिरले, जोतीरामच्या बापाशी पाण्याच्या पाळीवरून भांडले, माझ्या दहावीचा निकाल बघायला माझ्या आधी शाळेत पोचले. बाईंची पुढल्या वर्षी पाटणकडे बदली झाली. निघताना भेटायला आल्या तर तात्यांनी पहिल्यांदा काय विचारावं? “पोस्टवर सगळं ठीक हाय न्हवं?” बाई म्हणाल्या, “ठीक आहे, तात्या.” आम्हाला तो दोघांचा विनोद वाटायचा. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत तात्या गेले. झोपेतच गेले.

दोन हजार एक साली मी डी.एड. झाले, सांगलीच्या एका शाळेत नोकरीला लागले आणि पेढे घेऊन वाईला बाईंकडे गेले. घाटाजवळच्या गल्लीत घर सापडायला वेळ लागला नाही. बाई आता वाईतल्याच शाळेत होत्या, अजून यायच्या होत्या. त्यांच्या वडिलांनी दार उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे त्या हवालदारांची नात काय तू? ये, ये. तुझ्या आजोबांपायी मी किती उन्हाळे कोमट ताक पितोय, माहीत आहे का?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या फ्रीजचं दार उघडून दाखवलं. आत दिवा लागला नाही. कप्प्यांत पुस्तकं होती, खालच्या ट्रेमध्ये त्यांचे लोकरी मोजे आणि मफलर. पाण्याचा माठ शेजारी तिवईवर होता. मी तिथंच उभी राहिले. तेवढ्यात बाई आल्या. केसांत एखादा पांढरा दिसू लागलेला, हसू तेच.

“बाई, हा अजून बंद आहे?”

“बंद आहे.”

“अहो, पण तात्या गेले.”

“कळलं मला. जोतीरामनं कळवलं होतं.” त्यांनी खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली. “मला पोस्ट सोड म्हणायला आता कोण येणार सांग?”

मी आता शिक्षिका झाले होते. ओझोन म्हणजे काय, ते मला पुस्तकातून नीट कळलं होतं. मी म्हटलं, “पण बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं. बंद ठेवून ओझोनला काही फरक पडत नाही.”

“नाहीच पडत,” बाई म्हणाल्या. “पण मी शब्द ओझोनला दिला नव्हता गं. तात्यांना दिला होता.”